गाविलगडचे डोंगर आणि पूर्णाकाठचे पाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपला परिसर' या विभागासाठी लेख मागितला, तेव्हा विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. मृगाची एखादी सर येऊन हवेतील धूळ खाली बसली की, आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून उत्तरेला एक निळसर, जवळजवळ सरळ रेषा दिसू लागते. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत तिने सारे क्षितिज अडविलेले असते. वऱ्हाडातील शेतकरी तिला 'सातपुडा' म्हणतो, पुष्कळदा नुसते 'पहाड' म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकात तिचे नाव 'गाविलगडचे डोंगर' असे आहे. सातपुड्याच्या विशाल पसाऱ्यातील ही एक लहानशी दक्षिण शाखा. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर ती भिंतीसारखी उभी आहे.

या शाळेत भूगोल शिकवीत असताना घडलेला एक साधा प्रसंग मला या लेखाकडे घेऊन आला. मेळघाटातून नव्याने आलेल्या एका मुलाने पहिल्याच दिवशी आवारातील कूपनलिकेचे पाणी तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. 'सर, यात मीठ कोणी घातलं?' असा त्याचा प्रश्न होता. शेजारी उभा असलेला दर्यापूरकडचा मुलगा हसू लागला. त्याच्या समजुतीप्रमाणे जमिनीतले पाणी असेच असते. दोघांच्या गावांत सरळ रेषेत मोजले तर फारसे अंतर नव्हते. एकाचे गाव त्या निळ्या रेषेच्या माथ्यावर, दुसऱ्याचे तिच्या पायथ्यापासून काही कोस दक्षिणेस. त्या मुलाला मी तेव्हा जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुरे उत्तर द्यायचे तर डोंगरापासूनच आरंभ करावा लागतो.

हा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा रसाचे थरावर थर पसरले. आज महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग ज्यावर उभा आहे, तोच हा बेसॉल्ट खडक. पुढे भूगर्भातील हालचालींनी या थरांना पूर्व-पश्चिम दिशेने मोठा तडा गेला. भूशास्त्रज्ञ त्याला 'गाविलगड भ्रंश' म्हणतात. भ्रंशाच्या उत्तरेकडील भाग उंचावला, दक्षिणेकडील खचला. डोंगराची दक्षिण बाजू एवढी ताठ का आणि उत्तर बाजू एकामागून एक उतरत्या पठारांची का, याचे कारण या तड्यात आहे. पायथ्याची अकोट-अचलपूरकडील जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ३०० ते ३७० मीटर उंचीवर आहे. चिखलदऱ्याजवळचे वैराट हे या रांगेतील सर्वोच्च शिखर सुमारे ११७७ मीटर उंच आहे. म्हणजे काही कोसांच्या अंतरात भूमी आठशे मीटर चढते. हा तडा अगदी मृत झाला आहे असेही समजू नये. २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसरात जमिनीतून आवाज येऊन सौम्य धक्के बसू लागले, तेव्हा भूवैज्ञानिक तेथे धावून गेले होते.

मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डी येथे या पाषाणाच्या तळाचे पान उघडलेले दिसते. बेसॉल्टखालील कितीतरी जुने खडक तेथे उघड्यावर आले आहेत आणि लाव्हा येण्यापूर्वीच्या काळातील डायनासोरांचे अवशेषही त्या भागात सापडले आहेत. त्याच सालबर्डीच्या डोंगरात भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेली लहान लेणी आहेत. अजिंठ्याच्या वैभवाशी त्यांची तुलना होणार नाही. वर्षावासासाठी जागा निवडणाऱ्यांनी येथेही झऱ्याचे सान्निध्य पाहिले होते, एवढे मात्र तेथे गेल्यावर ध्यानात येते. यात्रेकरूंची गर्दी तेथील महादेवाच्या गुहेकडे जाते. विहारांकडे क्वचितच कोणी वळते.

आता पाण्याकडे येऊ. खचलेल्या दक्षिण भागात जो खोलगट प्रदेश तयार झाला, तो डोंगरावरून झिजून आलेल्या मातीने, वाळूने लाखो वर्षे भरत राहिला. बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीजवळ उगम पावणारी पूर्णा नदी डोंगराला वळसा घालून खाली उतरते आणि या गाळाच्या प्रदेशातून पश्चिमेकडे वाहते. गाळाची जाडी काही ठिकाणी ३०० मीटरहून अधिक आहे. इतक्या खोल, चिकण गाळात अडकलेले पाणी पुरेसे वाहते राहिले नाही. त्यातील क्षार निचरून गेले नाहीत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांचा हा प्रदेश 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. दर्यापूरच्या मुलाचे गाव याच पट्ट्यात. विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते प्यायला नको आणि पिकालाही नको. अशा पाण्याने भिजविलेली काळी जमीन पुढे घट्ट होऊन बसते. म्हणून येथील शेती पिढ्यान्‌पिढ्या आभाळावर अवलंबून राहिली: कापूस, तूर, मूग आणि पावसाळ्यानंतर जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारा हरभरा. लग्नाची बोलणी करताना मुलीचा बाप प्रथम गावच्या पाण्याची चौकशी करी, हे मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे. खाऱ्या पाण्याच्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी फार ऐकू येतात, ही गोष्ट आपल्या पालकांना सांगण्याची गरज नाही.

डोंगराचा पायथा आणि खारपाणपट्टा यांच्यामध्ये एक अरुंद, पण भाग्यवान पट्टी आहे. ओढे-नाले डोंगरातून खाली कोसळतात, तेव्हा त्यांचा वेग एकाएकी मंदावतो आणि बरोबर आणलेले धोंडे, गोटे, रेव ते तेथेच टाकून देतात. या भरड थरात पाणी झपाट्याने मुरते. चंद्रभागा, सापन, शहानूर, वान या नद्यांचे पात्र पायथ्याशी कोरडे दिसते, त्याचे कारण पुष्कळ पाणी जमिनीखालून चालत असते. येथे विहिरींचे पाणी गोड आहे. परतवाडा-अचलपूरची संत्री, अकोट-तेल्हाऱ्याची केळी, अंजनगाव सुर्जीचे विड्याच्या पानांचे मळे आणि बारी समाजाने जिवापाड जपलेली पानपिंपळी, ही सारी त्या गोड्या पाण्याची देणगी. पानपिंपळीच्या मळ्यात उन्हाळ्यात एकदा उभे राहून पाहावे. बाहेर ४५ अंश तापमान आणि आत ओलसर सावली. परंतु या पट्टीचेही भाग्य आता उसने आहे. संत्र्याच्या बागांसाठी कूपनलिका खोल खोल जात राहिल्या आणि पाण्याची पातळीही खाली खाली गेली. चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या बाजूला तर बागाच्या बागा वाळताना लोकांनी पाहिल्या आहेत.

माथ्यावर मात्र पावसाचा तुटवडा नाही. अकोल्यात वर्षाकाठी साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. चिखलदऱ्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट. वैराटच्या कण्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. दक्षिणेचे पाणी चंद्रभागेतून पूर्णेला मिळते. उत्तरेचे पाणी सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या मेळघाटातील नद्यांतून तापीला जाते. पूर्णा आणि तापी यांचा संगम जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथे होतो. एकाच शिखरावर हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर वेगळे हिंडून तेथे पुन्हा भेटतात! नकाशावर हा प्रवास मुलांकडून रंगवून घेतला, तेव्हा वर्गातील सर्वात अबोल मुलानेही हात वर करून प्रश्न विचारला होता.

या डोंगराचा लिखित इतिहास म्हणजे बहुतांशी त्याच्या दोन किल्ल्यांचा इतिहास. पूर्वेला चिखलदऱ्याजवळ गाविलगड, पश्चिमेला अकोट तालुक्यात नरनाळा. 'गाविलगड' हे नाव येथे गुरे राखणाऱ्या गवळ्यांवरून पडले असे मानले जाते. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास गाविलगडाचे पक्के बांधकाम केले, अशी नोंद फरिश्त्याच्या इतिहासात आहे. पुढे बहमनी सत्ता मोडकळीस आली आणि वऱ्हाडचा सुभेदार फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला. अचलपूरची इमादशाही ती हीच. विजयनगरच्या मुलखात हिंदू कुटुंबात जन्मलेला आणि लहानपणी युद्धकैदी म्हणून वऱ्हाडात आलेला हा मुलगा एका राज्याचा संस्थापक झाला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीपुरतीही क्वचित येते. नरनाळ्याचा १४८७ चा महाकाली दरवाजा त्याच्याच काळातील. त्यावरील नाजूक नक्षी, झरोके आणि कोरीव अक्षरे पाहिली म्हणजे अरण्यात एवढी कलाकुसर कोणासाठी केली असेल असा विचार मनात येतो. इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने संपविली. मोगलांच्या काळात 'आईन-ए-अकबरी'त गाविल आणि नरनाळा या नावांचे सरकार, म्हणजे महसुली विभाग, नोंदविलेले आढळतात. याचा अर्थ असा की, खालच्या काळ्या जमिनीचा सारा वरच्या दगडाच्या धाकाने गोळा होत असे.

हे किल्ले टिकले ते तटबंदीइतकेच पाण्यामुळे. गाविलगडावर देवतलाव, खानतलाव, मछली तलाव. नरनाळ्यावर शक्कर तलाव आणि इतर अनेक टाकी. बेसॉल्ट खडकात पाणी मुरण्यास वाव थोडा, म्हणून ते उतारावरच अडवून साठविले. ज्यांनी हे केले त्यांना खडकाचे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आजही उन्हाळ्यात नरनाळ्यावर वन्यप्राणी या तळ्यांचा आश्रय घेतात.

डोंगराची घडण इतिहास कसा घडविते, याचे उत्तम उदाहरण १८०३ मध्ये मिळते. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगाव येथे नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांचा पराभव झाला. त्यांतील पुष्कळ सैनिक गाविलगडावर गेले. आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूच्या लढाईने जगप्रसिद्ध झाला, तो पाठोपाठ आला. दक्षिणेकडून किल्ला पाहताच तो कडा चढता येण्यासारखा नाही, हे उघड होते. तेथे भ्रंशाने निर्माण केलेली ताठ भिंत आहे. उत्तरेला मात्र किल्ला पठाराला जोडलेला आहे. म्हणून वेलस्ली स्वतः दक्षिणेला राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनची फौज मोठ्या तोफांसह डोंगर ओलांडून उत्तरेकडे गेली. सुमारे तीस मैलांची ती वाट. रस्ता नव्हता, तो फौजेनेच करावयाचा. तोफा दऱ्याखोऱ्यांतून माणसांनी ओढावयाच्या. पाच-सहा दिवसांत त्या वर पोहोचल्या. तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. दोन्ही गावे या डोंगराच्या पायथ्याशीच आहेत. मराठी सत्तेचे कंबरडे मोडणारे दोन करार संत्र्या-पानमळ्यांच्या या शांत भागात झाले, हे तेथील शाळकरी मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. वेलस्लीचे नाव प्रत्येक पुस्तकात येते. तोफा ओढणाऱ्यांत कोण कोण होते, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. १८५८ मध्ये तात्या टोपे या किल्ल्याचा आश्रय घेतील या भीतीने इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. त्यानंतर गाविलगड लष्करी नकाशावरून उतरला आणि पर्यटकांच्या नकाशावर चढला.

किल्ला गेला तरी डोंगराची गरज संपली नव्हती; तिचे रूप बदलले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६० च्या दशकात वऱ्हाडच्या कापसासाठी आगगाडी आली आणि आगगाडीच्या रुळांखाली घालण्यास सागवान हवे झाले. त्याच सुमारास मेळघाटचे जंगल सरकारने राखीव करण्यास आरंभ केला. तोपर्यंत या जंगलाचे धनी म्हणून कोर्कू वावरत होते. कोर्कूंची भाषा मराठीशी वा हिंदीशी नात्याने जोडलेली नाही. ती मुंडा कुळातील, म्हणजे झारखंडच्या संथाळी-मुंडारीची दूरची बहीण, आणि त्या कुळातील सर्वात पश्चिमेकडची. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. 'कोर्कू' म्हणजे नुसते 'माणसे'. त्यांच्या गावात मुठवा देव असतो आणि मृतांच्या स्मरणार्थ कोरलेले लाकडी खांब उभारण्याची त्यांची परंपरा आहे. जंगल राखीव झाल्यावर त्यांची फिरती शेती बंद पडली. लाकूडतोडीस मजूर हवे म्हणून वनखात्याने वनग्रामे वसविली आणि कालचे धनी तेथे मजूर म्हणून राहू लागले.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. त्याने वाघ राखला, सागाचे अरण्य राखले, आणि माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नद्यांचे उगम राखले. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे कोणास न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि त्यानंतर मेळघाटातही आढळला. हे सारे मोलाचे आहे. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. अकोट बाजूच्या गाभा क्षेत्रातील अनेक कोर्कू गावे उठवून पायथ्याशी वसविण्यात आली. मोबदला आणि सोयी यांबाबतचे गाऱ्हाणे घेऊन त्यांतील काही ग्रामस्थ पुन्हा जंगलात परतले आणि २०१९ च्या जानेवारीत तेथे संघर्षही झाला. वाघाची बाजू आणि माणसाची बाजू अशी विभागणी करून या प्रश्नावर निबंध लिहिणे सोपे आहे. आमच्या वर्गात त्या गावांची मुले बसत असल्यामुळे मला ते कधी साधले नाही.

आणि पाणी? खारपाणपट्ट्यातील बहुसंख्य गावांना आज जे नळाचे गोडे पाणी मिळते, ते या डोंगराच्या कुशीत अडविलेले आहे. वारी भैरवगडचे वान धरण, अंजनगावकडचे शहानूर धरण, यांच्यापासून निघालेल्या वाहिन्या काळ्या रानातून कोसच्या कोस गेल्या आहेत. त्या आल्यापासून बायकांच्या डोक्यावरील हंडे उतरले. ज्यांनी नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने घागर भरली आहे, त्यांनाच या गोष्टीचे मोल कळेल. आता तेच पाणी अनेकांना हवे आहे. वानचे पाणी दूरच्या योजनांना देण्यास तेल्हाऱ्याचे शेतकरी विरोध करतात, आणि त्यांचेही म्हणणे खोटे नाही.

या वाटपाच्या चर्चेत माथ्यावरच्या गावांचे नाव मात्र निघत नाही. आपल्या शाळेतील मेळघाटच्या मुलांना एप्रिलनंतर घरची आठवण विचारावी. चिखलदरा तालुक्यात दुप्पट पाऊस पडूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बादल्या एकदम आत पडतात. खडक पाणी धरीत नाही, उतार ते थांबू देत नाही. ते खाली येते आणि खाली साठते. गाविलगडाच्या बांधकाम करणाऱ्यांनी पंधराव्या शतकात माथ्यावर तळी बांधली, त्याच डोंगरावर आजच्या पाड्यांसाठी तशी तळी थोडकीच आहेत.

पूर्णेच्या काठी, बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात भोन नावाचे गाव आहे. तेथील उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा विटांचा स्तूप सापडला. खाऱ्या प्रदेशातही त्या काळी भरभराटीची वस्ती होती, तिला पाणी मिळत होते, याचा तो पुरावा. ते स्थळ आज जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राच्या छायेत आहे. पुढील वर्षीच्या शैक्षणिक सहलीसाठी मुलांनी भोन, नरनाळा आणि वैराट अशी तीन नावे सुचविली आहेत. एका दिवसात तिन्ही होणार नाहीत. पहिल्या दिवशी भोन करून अकोटला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नरनाळा, असा बेत आहे. वैराटला पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरात जावे. तेव्हा दोन्ही बाजूंचे ओढे वाहते असतात.